बद्द वाजलेला हूक

“जाऊ दे,” असं म्हणून सहदेवनं हातोडा खाली ठेवला. भागवतचा ट्रॅक्टर धडधडत निघाला. मागच्या ट्रॉलीत कापूस वेचायला चाललेल्या बारा बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. त्यांत सहदेवची सून पुष्पांजलीही होती.

ट्रॉलीला ट्रॅक्टरशी जोडणारा हूक सहदेवनं ठोकून पाहिल्याशिवाय जानेफळात कोणी बाया बसवत नसे. हातोड्याचा एक ठोका, कान जवळ, झालं; टणकन वाजला तर धड, बद्द वाजला तर आत तडा. दुसरे मिस्त्री तडा दिसावा म्हणून हुकाला डिझेल लावून वर खडू फासायचे, तर हा म्हणायचा, हूक म्हणजे काय शाळेचा फळा आहे? लोखंड उभ्या ओझ्यानं मरत नाही, हिसक्यानं मरतं, हे त्याचं ठरलेलं वाक्य. एकदम भार पडला तर ते वाकून सांगतं तरी. रोजचे हिसके खाल्लेलं मात्र आतल्या आत तडकतं आणि एक दिवस न सांगता तुटतं.

वच्छलाबाई चहा घेऊन आली. नवऱ्याच्या हाती कप देत सहज म्हणाली, “आज हूक असा बद्द काऊन वाजला?”

सहदेवनं दचकून रस्त्याकडे पाहिलं. माणसांचं बोलणं त्याला कळायचं, पण लोखंडाचा तो बारीक टणत्कार दोन वर्षांपासून कानांनी सोडला होता. बायकोलाही त्यानं हे सांगितलं नव्हतं. मेला मोठेपणा! तो नुसता कान लावायचा आणि अंदाजानं मान हलवायचा. आजवर निभावलं होतं.

त्यानं तीनदा फोन लावला. ट्रॅक्टरच्या आवाजात भागवतला काय ऐकू येणार? मग चहा तसाच ठेवून सहदेवनं मोटारसायकल काढली. पुढे नाल्याची चढण होती. तिथं हूक तुटला तर ट्रॉली उलटी घरंगळत थेट नाल्यात जाणार. प्रत्येक वळणावर आता बायांचा आकांत ऐकू येईल असं त्याला वाटत होतं. देवा, एवढी डाव राख, असं तो मोठ्यानं बोलत होता.

चढणीच्या पायथ्याशी ट्रॅक्टर दिसला. सहदेवनं गाडी सरळ पुढे आडवी घातली.

बाया खाली उतरल्या. सहदेवनं डिझेलच्या फडक्यानं हूक पुसला, कोरडा केला आणि खिशातला खुणेचा खडू त्यावर फासला. सगळे वाकून बघत होते. तड्यात मुरलेलं डिझेल वर आलं आणि पांढऱ्या खडूवर हळूहळू एक काळी रेघ उमटली, केसाएवढी, अर्ध्या हुकाला वेढून गेलेली. भागवतचं तोंड पांढरंफटक पडलं.

“सकाळी तुमीच त जाऊ देलं, काका.”

लोखंडात पोकळी होती, जोड जुना होता, असं काहीबाही सांगता आलं असतं. सहदेवनं सुनेकडे पाहिलं. ती पदर गच्च धरून उभी होती.

“मले लोखंडाचा आवाज आयकूच येत नाही, भागवत. दोन वर्सं झाले. लपवून राह्यलो होतो. हूक बद्द वाजला, हे वच्छलानं सांगतलं तवा समजलं.”

बाया पायीच वावराकडे निघाल्या. पुष्पांजली मागे वळून वळून बघत होती.

दुसऱ्या दिवशी भागवत नवा हूक बसवून दुकानाशी आला. आता हा कशाला येतो, असं सहदेवला वाटलं होतं. त्यानं हातोडा उचलला आणि जुन्या सवयीनं कान जवळ नेऊन एक ठोका दिला.

भागवत त्याच्याकडे बघत नव्हता. तो दारात उभ्या असलेल्या वच्छलाबाईच्या तोंडाकडे बघत होता. मग सहदेवनंही तिकडेच पाहिलं.