ऊन सरकलं की

"ती खुर्ची खाली ठेव," मी म्हटलं.

मुलगा ऐकेना. माझी वेताची खुर्ची त्यानं गाडीच्या डिकीत आडवी घातली होती आणि ती मावत नाही म्हणून तिच्या पायांशी त्याची झटापट चालली होती. माझी बॅग भरून झाली होती. शहरात सूनबाईंनी माझ्यासाठी खोली रंगवून घेतली, पडदेसुद्धा लावले. सगळं ठरलं होतं, फक्त मला विचारायचं राहिलं होतं.

"आई, मागच्या थंडीत छाती भरली होती तुझी. डॉक्टर काय म्हणाले, आठवतंय ना? यंदा परत झालं तर?"

"झालं तर झालं. थंडीला अजून अवकाश आहे. आत्ता ऊन आहे."

"ऊन काय, तिकडे पण असतं."

"असतं ना. खिडकीतून आत येतं, फरशीवर पडतं आणि निघून जातं. त्याच्या मागे मी कुठं जाऊ? शेजारणीच्या हॉलमध्ये?"

खरं तर हे त्याला सांगायची गरज नव्हती. तो याच गल्लीत वाढला. पानगळ सुरू झाली आणि शेवटचे पाहुणे डोंगर उतरून गेले की इथली माणसं खुर्च्या घेऊन बाहेर येतात. सकाळी ऊन बेकरीसमोर असतं, दुपारी न्हाव्याच्या दुकानापुढे आणि कलताना पोस्टाच्या भिंतीला. ऊन सरकलं की आम्ही सरकतो. कोणी विणतं, कोणी पेंगतं. बेकरीवाला गप्पांच्या नादात पाव करपवतो आणि करपलेले पाव चहाबरोबर आम्हीच संपवतो. अंगावर पिवळी पानं पडतात, ती झटकायचाही कंटाळा.

मी मात्र ही मजा सगळा जन्म हॉटेलच्या खिडकीतून पाहिली. मी तिथल्या धुलाईखान्यात होते. पाहुणे गेले की खोल्याखोल्यांतली ब्लँकेटं, चादरी, पडदे माझ्या बोकांडी बसायचे. आमचे हे खाली बॉयलरवर. त्या धडधडीनं ह्यांचा उजवा कान पार गेला. मी काम सांगितलं की नेमका तोच कान पुढे करतात, असं मी गल्लीभर सांगत फिरायचे.

गेल्या वर्षी पानगळ सरल्यावर दोघांनाही एकदमच निवृत्त केलं. हॉटेलनं मोडीत काढलेल्या दोन खुर्च्या हे घरी घेऊन आले. एकीचा हात निखळला होता, तो तारेनं बांधला आणि ती स्वतःला ठेवली. म्हणाले, "पुढची पानगळ आपली." आणि उन्हाळ्यात, भर सीझनमध्ये, हे गेले. मला अजून राग येतो ह्यांचा. इतकी वर्षं थांबले, आणखी चार महिने थांबायला काय झालं होतं?

"आणि ती दुसरी?" मी मुलाला विचारलं.

"ती मोडकी आहे गं. ती कशाला न्यायची?"

माझं डोकंच फिरलं. मी डिकीतून माझी खुर्ची ओढून काढली. गाडीला चांगला ओरखडा पडला, पडू दे.

"जन्मभर दुसऱ्यांच्या सुट्टीच्या चादरी धुतल्या मी. आता माझी सुट्टी आहे आणि ती मी इथंच काढणार. मेले तर उन्हात मेली म्हणून सांग सगळ्यांना."

"लोक काय म्हणतील? मुलानं आईला वाऱ्यावर सोडलं?"

"लोकांना मी उत्तर देईन. माझं तोंड अजून शाबूत आहे."

"ते आम्हाला ठाऊक आहे," न्हावी समोरून म्हणाला. मग त्यानं वर पाहिलं. "वहिनी, ऊन सरकलं!"

मी माझी खुर्ची घेतली. न्हाव्यानं खांद्यावर टॉवेल टाकला, ह्यांची मोडकी खुर्ची उचलली आणि आपल्या दुकानापुढे माझ्या शेजारी आणून ठेवली. हे तो रोज करतो. कोणी तिच्यावर बसत नाही.

"काका, ती कशाला आणलीत?" मुलानं विचारलं.

"ऊन सरकलं ना," न्हावी म्हणाला आणि कात्री शोधायला आत गेला.

मुलगा दुकानाच्या पायरीवर बसला. आधी फोनमध्ये डोकं घालून, मग नुसताच. बेकरीवाल्यानं दिलेला करपलेला पाव त्यानं तक्रार न करता खाल्ला आणि भिंतीला टेकून तोंड उघडं टाकून झोपला. झोपेत अगदी ह्यांच्यासारखा दिसतो मेला. मी विणत बसले. घाई कुणाला होती?

जागा झाला तेव्हा सूनबाईंचा फोन आला होता. "नाही, नाही येत ती," तो हळू आवाजात म्हणाला. "नाही गं, रागावली नाहीये. बसलीये."

ऊन पोस्टाच्या भिंतीकडे निघालं. न्हाव्याच्या हातात गिऱ्हाईक होतं, गालाला फेस लावलेलं. मी उठून माझी खुर्ची घेतली आणि चालायला लागले. मागे तारेचा करकर आवाज आला. मुलगा ती मोडकी खुर्ची निखळल्या हाताखाली पंजा धरून, सांभाळून आणत होता. भिंतीशी मी बसले तशी त्यानं ती माझ्या डावीकडे ठेवली.

"उजवीकडे ठेव," मी म्हटलं. "डावीकडे बसले की त्यांचा बहिरा कान माझ्याकडे येतो."

त्यानं मान खाली घालून खुर्ची उचलली, माझ्या मागून फिरून उजवीकडे आणली आणि थोडी माझ्याकडे वळवून ठेवली.