टाकीसकट उंची

मिस्त्रींच्या घरात वाक्यं दोन तुकड्यांत बोलली जात. डोक्यावरून विमान निघालं की बोलणारा असेल तिथे थांबायचा, आवाज विरला की पुढच्या शब्दापासून सुरू करायचा. सून नवी आली तेव्हा तिला वाटलं, सासूबाई भांडता भांडता विसरतात. पुढे कळलं, त्या काहीच विसरत नाहीत.

त्या दुपारी विमानतळाच्या कार्यालयातून मोजणीच्या बाई आल्या, तेव्हाही तेच झालं.

"मिस्त्री, तुमच्या घराची उंची..." बाई म्हणाल्या आणि वरून विमान गेलं. मिस्त्री ओळंब्यासारखे ताठ उभे. "...एक मीटर तीस जास्त भरते."

"कशी भरेल? टेप मी स्वतः धरलाय. नऊ मीटर सत्तर. दहाची परवानगी. उलट तीस सेंटीमीटर विमानाला सोडलेत."

"स्लॅबपर्यंत ना?"

"मग? घर स्लॅबपर्यंतच असतं."

"आणि वरची टाकी?"

मिस्त्री हसले. "टाकी घरात कुणी धरतं का, बाई?"

"तुम्ही नाही धरत. पण विमानाला ते सांगणार कोण?"

बाईंनी दुर्बिणीची तिपाई भिंतीला टेकवली आणि पायरीवर बसून चपला काढल्या. सकाळपासूनचं हे नववं घर. कुठे टाकी, कुठे वाढलेलं झाड, कुठे गच्चीवरचा लोखंडी खांब. प्रत्येक घरी माणसं आधी हसत, मग चिडत, मग पाणी आणून देत. मिस्त्रींच्या बायकोने चिडण्याची पायरी गाळून सरळ पाणीच आणलं.

परवानगीचा कागद मिस्त्रींकडे होताच, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला. 'सर्वांत वरचे टोक' असं त्यात छापलेलं होतं आणि त्यांनी ते मोठ्याने वाचलंही होतं. पण चौतीस वर्षं लोकांची घरं बांधलेला माणूस. भिंत गवंड्याची, टाकी प्लंबरची. स्लॅब ओतून झाला की गवंड्याचं काम संपलं आणि तो खाली उतरला. वर नंतर काय बसतं ते त्याने कधी मोजलंच नाही. दुसऱ्यांच्या घरांत ही सवय खपून गेली. स्वतःच्या घरात नडली.

"पंधरा दिवस," बाई म्हणाल्या. "टोक दहाच्या आत आलं नाही, तर वरच्या खोलीला सील लागेल. मी लावत नाही, पण लागतं."

मग बाई वर खोली पाहायला गेल्या. एक खिडकी, एक कोनाडा, कोरा चुना. दाराची कडी मात्र नेहमीपेक्षा वीतभर खाली.

"ही एवढी खाली का?"

"आक्काचा हात वर जात नाही. खांदा धरलाय." मिस्त्रींनी कडी सरकवून दाखवली. "थोरली बहीण माझी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा, ती चौदाची. तिनेच मोठं केलं. दवाखान्यात आया होती, तिथल्याच बोळात झोपायची. मग चुलतभावाच्या पडवीत. आता भाचीच्या स्वयंपाकघरात, तेही सगळ्यांची जेवणं झाल्यावर अंथरूण पडतं. जन्मात एक गोष्ट मागितली तिने माझ्याकडे. म्हणाली, खोली केवढीही दे, कडी आतून लागली पाहिजे."

बाई कडीवर हात ठेवून थांबल्या. विमान नव्हतं, तरीही.

"मिस्त्री, रोज मी अशी एक तरी खोली ऐकते," त्या म्हणाल्या. "ऐकून आकडा कमी होत नाही हो."

त्या गेल्यावर नवरा-बायको स्लॅबवर टाकीच्या सावलीत बसले. टाकी विटांच्या खांबांवरून उतरवून स्लॅबवर ठेवली, तरी दहाच्या वर जात होती. अंगणात ठेवली, तर मधल्या मजल्यावर मुलाच्या नळाला पाणी चढणार नव्हतं. पूर्वी ती ज्या गच्चीवर होती, तिथे आता ही खोलीच उभी होती.

"स्लॅब फोडतो. मीटरभर खाली घेतो."

"म्हणजे वन्सं वाकून राहणार? आणि लेकराला न्हाऊ घालावं तसं रोज पाणी मारलंत याला. फोडाल हाताने?"

मिस्त्रींनी हातोडा उचलला आणि परत खाली ठेवला. त्यांच्या लक्षात आलं, आपण थकलोय. खोली बांधताना नव्हतो थकलो, मोजल्यावर थकलो. त्यांनी आक्काला फोन केला. "अगं, जरा महिनाभर थांब..."

"आता कशी थांबू? भाचीने माझ्या जागेवर फ्रिज ठेवलाय."

दुसऱ्या दिवशी आक्का आलीच. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी, आणि कुणाचा हात न धरता मोजून चढलेले सगळे जिने. कडी तिने तीनदा लावली, तीनदा काढली. मिस्त्रींनी खाली मान घालून सगळं सांगितलं. आक्काला या घराची रीत ठाऊक नव्हती. ती विमानाच्या आवाजातच बोलत राहिली. तिचे ओठ हलताना दिसले, बोट कोपऱ्याकडे गेलं, एवढंच.

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, घ्या त्या टाकीला आत. तो कोपरा मोकळाच पडलाय."

"आक्का, अर्धी खोली खाईल ती!"

"खाऊ दे. घोरत तर नाही ना? आजवर जेवढ्यांबरोबर झोपले, सगळे घोरायचे."

मिस्त्रींची बायको पदर तोंडाला लावून हसली आणि तिचे डोळे भरून आले. मिस्त्री हसले नाहीत. ज्या हातांनी वचन दिलं, त्यांनीच ते अर्धं करायचं होतं. पण देव अर्धंच देतो तेव्हा ते नाकारण्याइतका माणूस कुठे मोठा असतो? त्यांनी पहार उचलली.

टाकी दारातून जाईना. मिस्त्रींनी स्वतः बसवलेली चौकट स्वतःच उखडली, टाकी आत घेतली, कोपऱ्यात बरोबर तुळईच्या डोक्यावर बसवली आणि चौकट पुन्हा उभी केली. कडी होती तिथेच, वीतभर खाली. खालच्या दोन्ही मजल्यांचं पाणी सोडायची चावी आता आक्काच्या उशाशी आली.

पंधराव्या दिवशी बाईंनी दुर्बीण लावली. नऊ मीटर सत्तर. सही करून त्या वर गेल्या, खोली पाहिली, टाकी पाहिली. "आजी, अडचण होते ना?"

"होते की," आक्का म्हणाली. "बसा. पाय दुखत असतील."

बाई बसल्या. बराच वेळ बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली नळ कोरडे. बायको जिने चढून वर आली आणि बंद दारावर टकटक केली.

"कोण आहे?"

"मी, वन्सं. पाणी सोडता का..."

वरून विमान निघालं. ती रिकामी बादली घेऊन दाराबाहेर थांबली. आवाज विरला, आणि आतून कडी सरकल्याचं ऐकू आलं, सावकाश, अजिबात घाई नसल्यासारखं.