पहिल्या गरम हवेचा वास

"हीटर सुरू केलाय, नाकवाले. आता तुम्ही आणि तुमचं नाक," गच्चीवर पॅनेलपाशी उभा असलेला वायरमन फोनवर म्हणाला आणि हसला.

नाकवाले खाली, नवजात बाळांच्या नव्या खोलीत, छताच्या जाळीखाली मान वर करून उभे होते. इमारतीला हवा पुरवणाऱ्या यंत्रांच्या पत्र्याच्या पेटाऱ्यात विजेचे हीटर बसवण्यात त्यांची उमर गेली होती. नवा हीटर पहिल्यांदा तापला की कॉइलवरची धूळ आणि कारखान्यातलं तेल जळतं आणि त्याचा वास थेट खाली येतो. तो ओसरेपर्यंत खोलीत माणूस आणायचं नाही, ही पद्धत. वारा मोजायला मीटर होता, उष्णता मोजायला होता; वास ओसरला की नाही, ते मात्र यांनी सांगायचं. नाव त्यावरूनच पडलं होतं.

ते नाक हिवाळ्यातल्या तापात गेलं. चहाचा, साबणाचा, स्वतःच्या घामाचा, कशाचाच वास येईना. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की काम सुटणार, काम सुटलं की दिवसभर घर, आणि बायको गेल्यापासून घरात बोलायला भिंती तेवढ्या उरल्या होत्या. मग ते घड्याळाकडे बघून अंदाजाने "गेला वास" म्हणत. आजवर निभावलं होतं.

दार ढकलून सिस्टर आत आली. संध्याकाळी बाळं इकडे हलवायची होती, तिला घाई होती. आल्या आल्या तिने मनगटाने नाक झाकलं.

"हे काय जळतंय?"

"नव्या हीटरचा येतोच, सिस्टर. धूळ जळते."

"हा धुळीचा नाही हो. प्लास्टिकचा आहे. तुम्हाला येत नाहीये?"

येतोय म्हणायचं आणि थोडा वेळ काढायचा, एवढंच तर होतं. भिंतीलगत काचेचे छोटे पाळणे ओळीने ठेवले होते. एकात कुणीतरी आधीच दुपट्याची घडी ठेवून गेलं होतं.

"नाही येत," ते म्हणाले. "तापापासून काहीच येत नाही."

मग वायरमनला फोन लावून सांगितलं की हीटर बंद कर, पंखा चालूच राहू दे, कॉइल गार व्हायला हवी.

गच्चीवर जाऊन पेटारा उघडला तेव्हा कळलं. वाहतुकीत ओरखडे पडू नयेत म्हणून चौकटीला चिकटवलेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा आतल्या कडेला सोलायचा राहिला होता, आणि वितळून काळा पडला होता. नवशिक्याची चूक. पूर्वी अशी राहिलीच असती, तर नाकाने तिथल्या तिथे पकडली असती. त्यांनी कड खरवडली, पुसली, पुन्हा पुसली. वायरमन चेष्टा करायचा थांबला, तेच जास्त लागलं.

दुसऱ्यांदा हीटर सुरू केला तेव्हा त्यांनी सिस्टरला जाळीखाली उभं केलं आणि स्वतः तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. कपाळावर आठी आली, मग हळूहळू सुटली.

"आता नुसती गरम हवा," ती म्हणाली. जाता जाता तिने विचारलं, घरी सांगितलंत का.

"घरी कोण आहे?"

निघताना त्यांनी ठेकेदाराला फोन करून पुढच्या कामाला दुसरा माणूस बघायला सांगितलं. कारणही सांगितलं.

घरी आल्यावर कपाटातून बायकोच्या शालीची पिशवी काढली. तिचा वास उडू नये म्हणून ती गाठ मारून ठेवलेली असायची, अगदीच राहवलं नाही तर सोडायचे. तापानंतर सोडलीच नव्हती. ती घेऊन ते शेजारच्या वहिनींच्या दारात गेले. वहिनी आणि बायको जिवाभावाच्या मैत्रिणी. यांना नीट विचारता आलं नाही, पण वहिनींना कळलं. त्यांनी गाठ सोडली, पाठ फिरवली आणि पिशवीत तोंड घातलं. बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

"आहे," त्या म्हणाल्या. वळल्या मात्र नाहीत.

चेहरा दिसला असता तर खरंच आहे की नुसता धीर, ते नाकवाल्यांना कळलं असतं. त्यांनी हात पुढे करून पिशवी घेतली आणि असेल तेवढं उडून जायच्या आत, तिथेच दारात, गाठ मारली.