नऊ फुटांची चावी

नव्या, न तासलेल्या पेन्सिलीची जाडी साधारण सात मिलिमीटर असते. आमच्या गावात हिवाळ्याच्या तोंडावर पाणीखाते प्रत्येक घरी एक सूचनापत्र पाठवते आणि त्याला एक पेन्सिल जोडते. सूचना अशी असते, की जानेवारीपासून एप्रिलपर्यंत स्वयंपाकघरातला नळ रात्रंदिवस थोडासा चालू ठेवावा आणि त्याची धार या पेन्सिलीएवढी जाड असावी. जमिनीखालचे पाणी हलते राहिले की गोठत नाही. या वाहत्या पाण्याचे पैसे आकारले जात नाहीत, पण धार मात्र मापाचीच हवी. वेगाने पडणारी धार खाली जाताना निमुळती होते, म्हणून पेन्सिल अगदी नळाच्या तोंडाशी धरून पाहावी लागते. बरेच लोक तसे पाहत नाहीत.

मित्रांनो, मी एक जुनी चावी आहे. माझ्याजोगे कुलूप तुम्हाला कुठल्याही दारावर सापडणार नाही. माझी उंची नऊ फूट. वर दोन्ही हातांनी धरायची आडवी मूठ, खाली दोन दातांचा चिमटा. अमेरिकेच्या थंड उत्तरेतल्या आमच्या केसलर गावात प्रत्येक घरासमोर पदपथाच्या कडेला एक छोटे लोखंडी झाकण असते. ते उघडून मला आत सोडले, की माझे दात खोलवरच्या व्हॉल्व्हवर बसतात. पाव फेरा फिरवले की त्या घराचे पाणी बंद होते आणि उलट फिरवले की सुरू होते. एवढेच माझे काम.

माझा जन्म तांब्याच्या खाणीच्या भट्टीत झाला. खडक फोडायच्या एका पोलादी सळईपासून मला बनवले. ज्या लोहाराने मला घडवले त्याने माझे दात तीनदा तापवून तीनदा थंड केले, म्हणून ते अजून झिजलेले नाहीत. पुढे खाण बंद पडली, लोहार गेला, भट्टीच्या जागी आता ग्रंथालय आहे. मी मात्र पाणीखात्याकडे राहिले.

पाणीखात्याच्या कार्यालयात खिडकीच्या काचेमागे एक कागद लावलेला आहे. त्यावर लिहिले आहे: ‘इतर सेवांचे दर’. रोजच्या पाण्याचा दर सोपा असतो. जितके वापराल, तितके द्याल. पण माणसांच्या गरजा तेवढ्या सोप्या नसतात. कुणी उन्हाळ्यापुरते सरोवराकाठी राहायला येतात, त्यांना मे महिन्यात पाणी सुरू करून हवे असते आणि ऑक्टोबरात बंद. कुणाला आपला मीटर जास्त दाखवतो असा संशय असतो, त्याला तो तपासून हवा असतो. कुणी घर विकते आणि मीटरचे शेवटचे वाचन मागते. कुणाला कार्यालय बंद झाल्यावर, साडेचारनंतरच नळ दुरुस्त करायची आठवण होते. त्या कागदावरची प्रत्येक ओळ आधी एखाद्या माणसाची अडचण होती, नंतर तिची ओळ झाली. माझ्या प्रत्येक फेऱ्याला तिथे दर आहे.

खिडकीशी बसणाऱ्या जॉयसला लोक विचारतात, “पाव फेऱ्याचे चाळीस डॉलर?”

“पाव फेऱ्याचे नाहीत हो,” जॉयस म्हणते. “गाडीचे, माणसाचे आणि तासाचे. नाहीतर तुमच्या सुट्टीचा खर्च तुमच्या शेजाऱ्याच्या बिलात जाईल. चालेल त्याला? विचारून या.”

मला हा नियम नेहमीच बरा वाटला. ज्याच्यामुळे खर्च झाला, त्याने तो द्यावा. फक्त कुणामुळे झाला हे आधी नीट पाहावे लागते.

सीडर रस्त्यावरच्या एल्मी सारकेला यांना हा नियम पूर्ण मान्य होता. त्यांचे वय एक्क्याऐंशी. खाण चालू असताना बावीस वर्षे त्या खाणीच्या प्रयोगशाळेत दगडाच्या चुऱ्याचे नमुने तोलायच्या. घरात एकट्याच राहतात. दर शनिवारी सौना, म्हणजे घरातली वाफेची न्हाणी, तापवतात आणि वेलचीचा पाव भाजतात.

तीन हिवाळ्यांपूर्वी त्यांच्या घराचा पाइप गोठला. मला घेऊन रेनो बासानेली तिथे गेला. खात्याची सगळी बाहेरची कामे रेनोच करतो. पाइप वितळवायला त्याला पाच तास लागले. ‘गोठलेला पाइप मोकळा करणे’ या ओळीप्रमाणे दोनशे चाळीस डॉलर झाले. ही ओळ सांगते, की धार पेन्सिलीएवढी नसेल तर खर्च घरमालकाचा.

“धार चालू होती ना, मिसेस सारकेला?” रेनोने विचारले.

“चालू होती. पण पेन्सिलीएवढी नव्हती,” एल्मी म्हणाल्या. “विणायच्या सुईएवढी होती.”

“का बरं?”

“अरे, चांगलं पाणी नुसतं मोरीत जाताना बघवत नाही मला. माझ्या आईनं ते बादलीनं वाहून आणलंय. मला वाटलं, थोडं कमी केलं तर काय बिघडतंय?”

आमच्या गावातल्या जुन्या माणसांची ही नेहमीची चूक. फुकट असले तरी वाया घालवायचे नाही. रेनोने पावतीवर लिहिले, ‘धार बारीक ठेवली, ग्राहकाची कबुली.’ एल्मींनी त्याच दिवशी पैसे भरले.

दुसऱ्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिल नळाच्या तोंडाशी धरून धार लावली. रोज सकाळ-संध्याकाळ मोजली आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खूण केली. पाइप पुन्हा गोठला. तिसऱ्या हिवाळ्यात तेच झाले. पण फाइलमध्ये पहिल्या वर्षीची कबुली होती, म्हणून पुढच्या दोन्ही पावत्यांवर तेच वाक्य उतरवले गेले. खात्याचे पत्रही आले, की पाइप वारंवार गोठत असल्याने घरमालकाने आपल्या खर्चाने नवा, खोल पाइप टाकून घ्यावा. अंदाजे खर्च नऊ हजार डॉलर. पुढच्या हिवाळ्याआधी तो टाकला नाही, तर पाणी नोव्हेंबरातच बंद केले जाईल.

एल्मींकडे नऊ हजार डॉलर नव्हते. ग्रीन बे शहरात राहणाऱ्या त्यांच्या मुलीने वृद्धांच्या इमारतीत एक खोली पाहून ठेवली. एक ऑक्टोबरला घरासमोर ‘विकणे आहे’ ही पाटी लागणार होती.

मित्रांनो, इथे मला एक गोष्ट कबूल करायला हवी. मला खरे ठाऊक होते. फार वर्षांपूर्वी सीडर रस्त्यावर पहिली खोदाई झाली, तेव्हा मी तिथे होते. मजुरांच्या कुदळी साडेचार फुटांवर कातळाला लागल्या. नियम सहा फुटांचा होता. खात्याच्या मुकादमाने आभाळाकडे पाहिले, पाऊस येत होता. “चालेल,” तो म्हणाला आणि खड्डा बुजवला गेला. पुढे कित्येक वर्षे खरेच चालले, कारण त्या रस्त्यावरचा बर्फ कुणी काढत नसे. बर्फाचा जाड थर जमिनीवर पांघरुणासारखा असतो, खालची ऊब तो निघू देत नाही. तीन वर्षांपूर्वी शाळेची बस त्या रस्त्याने जाऊ लागली आणि बर्फ काढणारी नांगरगाडी रस्ता खरवडून उघडा करू लागली. पांघरूण गेले, थंडी खोल उतरली. पण चावीला कोण विचारणार? माझ्याजवळ सांगण्यासारखे होते ते फक्त माझे माप.

मे महिन्यात रेनो सीडर रस्त्यावर आला. एल्मींच्या शेजारचे घर उन्हाळी पाहुण्यांचे आहे. ते बरेच नंतर बांधलेले, त्याची खोदाईही वेगळी. त्याचे पाणी सुरू करायचे होते. रेनोकडे आता बॅटरीवर चालणारे नवे यंत्र आहे, त्यामुळे मी बहुतेक कार्यालयाच्या भिंतीवरच असते आणि माझ्या मुठीला लोक ओले हातमोजे वाळत घालतात. त्या दिवशी यंत्राची बॅटरी संपली होती, म्हणून मी गेले. शेजारचे काम झाल्यावर दहा मिनिटांनी एल्मींचा मीटर बदलायचा होता, म्हणून त्यांचाही व्हॉल्व्ह बंद करायला रेनोने मला तिथे उभे केले. एल्मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होत्या. त्यांनी काच वर सरकवली.

“रेनो, माझ्या घरासमोर तू बुटका होतोस का रे?”

“काय म्हणालात?”

“मघाशी तिकडे चावीची मूठ तुझ्या मांडीशी होती. इथे छातीशी आहे. एक तर तू दीड-दोन फूट खचलास, नाहीतर चावी तेवढी कमी आत गेली.”

रेनो हसला. मग हसायचा थांबला. हिवाळ्यात तो नेहमी बर्फात खणलेल्या खड्ड्यात उभा राहून काम करायचा, तेव्हा कुठे जमीन आणि कुठे मूठ हे कळायचे नाही. आता जमीन उघडी होती. त्याने खिशातून टेप काढला आणि दोनदा मोजले.

“साडेचार फूट,” तो म्हणाला. “बापरे, मिसेस सारकेला. तीन वर्षं मी इथं येतोय.”

“मी तर पन्नास वर्षं या खिडकीत उभी आहे. लिही ते.”

पावतीवर खोली लिहायला जागाच नव्हती. त्याने ती मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिली.

पाणी मंडळाची बैठक महिन्यातून एकदा भरते. जूनमध्ये ठरले, की जुन्या नोंदी शोधू. जुलैमध्ये ठरले, की पुढच्या महिन्यात ठरवू. ऑगस्टमध्ये कुणीतरी मोठ्याने म्हटले, की त्याच खोदाईवर आणखी अकरा घरे आहेत, एकाला हो म्हटले तर सगळ्यांना म्हणावे लागेल. विषय पुन्हा पुढे ढकलला गेला.

मंडळाचे अध्यक्ष वेस ट्रेवारो भले गृहस्थ आहेत. ऑगस्टच्या बैठकीनंतर त्यांनी एल्मींना कार्यालयात जॉयसच्या खिडकीपाशी गाठले.

“एल्मी, असं करू. तिन्ही बिलं माफ. सद्भावना म्हणून. जॉयस आत्ता चेक लिहील.”

“आणि पाइप?”

“पाइपचं… बघू.”

“पहिल्या वर्षी धार मी बारीक ठेवली होती, वेस. ती माझी चूक, तिचे पैसे मी दिले, ते परत नकोत. पुढच्या दोन वर्षी धार बरोबर होती. मला माफी देऊ नकोस. मी काही केलेलं नाही त्याची माफी कसली घेऊ? चूक कुणाची, तेवढं सांग.”

“तुम्ही फार हट्टी आहात.”

“बावीस वर्षं तराजूसमोर बसले की होतं असं.”

जॉयसने मान खाली घातली, पण ती हसत होती हे मी भिंतीवरून पाहिले.

मित्रांनो, माझी तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या घरात माझ्यासारखे एखादे जुने हत्यार असेल, तर काम झाल्यावर ते पुसा, तेलाचा एक थेंब द्या आणि कोरड्या जागी उभे करा. नव्या यंत्राचा मला राग नाही, ते माझ्याहून चपळ आहे. पण व्हॉल्व्ह किती खोल आहे हे ते बोलत नाही. आणि कुणाच्या नावावर चूक लिहायची असेल, तर लिहिण्याआधी एकदा मोजा. गेल्या वर्षीच्या कागदावरून उतरवून घेऊ नका. हे सांगायला मला फार वर्षे लागली, कारण मला तोंड नाही, फक्त दात आहेत.

सप्टेंबरच्या बैठकीला रेनो मला घेऊन आत आला. नऊ फुटांची असल्याने दारातून मला तिरकी करावी लागली.

“हे काय आणलंस?” वेस म्हणाले.

“चार महिने तुम्ही कागद बघताय. आज ही बघा. बाहेर अजून उजेड आहे, सीडर रस्ता पाच मिनिटांवर आहे.”

कुणी नाही म्हणाले नाही. पाच सदस्य, जॉयस आणि रेनो, असे सगळे चालत निघाले. एल्मी आपल्या घराच्या पायरीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर विणकाम होते. त्या उठल्या नाहीत. आठ दिवसांनी त्यांच्या हिरवळीत पाटी रोवली जाणार होती.

वेस यांनी कोट काढून रेनोकडे दिला. मला त्यांनी स्वतः उचलले. आधी शेजारच्या घरासमोर उभे केले. माझी मूठ त्यांच्या मांडीशी थांबली. त्यांनी मला वर काढले, तीस पावले चालून एल्मींच्या घरासमोरचे झाकण उघडले आणि आत सोडले. माझे दात ओळखीच्या जागी टेकले. मूठ त्यांच्या छातीशी होती.

त्यांनी एकदा शेजारच्या झाकणाकडे पाहिले, एकदा मुठीकडे. त्यांचे तळहात गरम होते. बाकीचे सदस्य रस्त्याकडे पाहत होते, त्या अकरा घरांकडे. कुणाच्या तरी अंगणात हिरवळ कापायचे यंत्र चालू होते, ते थांबले. एल्मींच्या सुया थांबल्या नाहीत.

“वेस, अंधार पडायच्या आत बोल,” त्या म्हणाल्या. “मला टाके दिसत नाहीत.”

वेस यांनी मूठ सोडली नाही. ते तिच्यावरून वाकून पायरीकडे पाहत, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, “हा पाइप आम्ही उथळ टाकला, एल्मी, चूक खात्याची आहे. सोमवारी खोदायला घेतो, आमच्या खर्चानं. आणि जॉयस, लिहून घे, पुढची अकरा घरंही मोजायची.”