अपेक्षाची चौकशी

अपेक्षाबद्दल विचारणाऱ्या त्या पत्राला मी उत्तर दिलंच नव्हतं. बेंगळुरूची कुठलीशी संशोधन संस्था. दुष्काळात मेंढ्यांच्या चराईचं काय होतं, यावर अपेक्षा तिथं पीएचडी करणार आणि पाच वर्षं पैसे संस्थाच देणार. आमच्याकडे प्रवेशासाठी पैसे भरावे लागतात. उलट देतं कोण? शिवाय प्रश्न असे : जमवून घेते का? घरापासून लांब राहील का? दोष कोणते? असं तर मुलाकडचेच विचारतात. संस्थेच्या नावाआडून कुणी स्थळाची चौकशी करतंय, असं मला वाटलं. कॉलेजात मी तिला शिकवलं होतं खरं, पण माणसांबद्दलचे माझे अंदाज चुकतात, म्हणून पत्र तसंच ठेवून दिलं.

काल ती विट्याला माझ्या घरी आली. "आवं सर, तुमच्या पत्रावर माझी जागा अडलीया. या आठवड्यात न्हाई गेलं तर दुसऱ्याला देत्यात."

"मग दोष कशाला विचारतात?"

"त्यास्नी माझ्यासंगं काम करायचंय, लगीन न्हाई."

"मी खरं लिहीन. हट्टी आहेस. वर्गात माझ्याशी वाद घालायचीस."

"ल्ह्या की. तुमी चुकायचा तवाच घालायची."

शंका पुरती गेली नव्हती. तरी तिचं तेही म्हणणं मी लिहिलं आणि आज सकाळी पत्र स्पीड पोस्टानं पाठवलं.