हौसाबाईंचे गुडघे आणि अंकिताची हळद

माझ्या सासूबाई हौसा, गव्हाणच्या धवलारीण. हळदीच्या मांडवात पाटाशेजारी जमिनीवर बसून लग्नाची गाणी, म्हणजे धवले, त्या म्हणायच्या. पण गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांनी आमंत्रणं घेणं सोडलं. खुर्चीत बसून धवला म्हणायचा नाही, आणि सुरू केलेला अर्ध्यावर सोडून उठायचं नाही, असा त्यांचा हट्ट. आता माझ्या अंकिताचं लग्न ठरलं. नातीच्या हळदीला दुसरी धवलारीण बोलवावी लागणार म्हणून त्यांचं तोंड उतरलं. माझंही उतरलं, खोटं कशाला बोलू?

तेल, लेप, गोळ्या सगळं करून झालं होतं. शेवटी मी त्यांना पनवेलला डॉक्टर रुचिरांकडे अ‍ॅक्युपंक्चरसाठी ओढतच नेलं. बाई सरळ. म्हणाल्या, दुखणं जाईल असं वचन देत नाही, काहींना आराम पडतो, काहींना नाही. मला रागच आला. बंदराकडे जाणाऱ्या एवढ्या कंटेनर-ट्रेलरच्या गर्दीतून आलो, जरा आशा लावायला यांचं काय जात होतं? त्यात सासूबाईंना प्रश्न, गुडघा दुखतो तर सुई हाताला कशाला. पहिल्यांदा त्या डोळे मिटून, दात आवळून पडल्या. पुढच्या खेपेपासून मात्र पडल्या पडल्या गुणगुणायला लागल्या, आणि शेजारच्या खाटेवरचे पेशंट फर्माईश करू लागले.

हळूहळू त्यांना रात्री झोप लागू लागली. एक दिवस भाजी निवडायला त्या चक्क खाली बसल्या. नजर लागेल म्हणून मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

हळदीला त्या पाटाशेजारी बसल्या. आवाज लागला आणि बायका पुढे सरकून बसल्या. मध्येच त्यांचा हात गुडघ्यावर गेला, चेहरा आखडला. धवल्यात देवांना एकेक करून हळदीला बोलावतात. सासूबाईंनी देवांच्या मागोमाग डॉक्टरीणबाईंनाही बोलावलं, सुया घेऊन लवकर ये म्हणून. बायका हसून लोळल्या. पाहुण्यांत बसलेल्या रुचिराबाई लाजून लाल झाल्या. धवला पुरा झाला.

मी धावत जाऊन त्यांना उठायला हात दिला. हळूच विचारलं, "आई, दुखतंय?"

"दुखतंय गो. पन बसवतंय," त्या म्हणाल्या. "त्या डीजेवाल्याला थांबायला सांग. माझा आजून एक हाय."

माझा हात सोडून त्या नीट मांडी घालून बसल्या.