मान शोधणारा पट्टा

मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नाही, दप्तराचा नाही आणि, हसू नका, कुत्र्याच्या गळ्यातला तर मुळीच नाही. मी कॅमेऱ्याचा पट्टा आहे, तोही चांगल्या जडशीळ कॅमेऱ्याचा. सध्या एका दुकानाच्या काचेमागे लटकतो आहे. काचेसमोर कुणी थांबलं की मी त्याचा चेहरा बघत नाही. आधी मान बघतो. का, ते सांगतो मित्रांनो, जरा दम धरा.

चामड्याच्या एका कारखान्यात मी तयार झालो. दोन बोटं रुंद, विटकरी रंगाचा, कडेने पिवळ्या दोऱ्याची शिवण. काय दिसायचो मी! माझ्या कारागिराने मला उजेडात धरलं आणि चक्क शीळ घातली. माझ्या कडा घासून गोल करायच्या आणि पाठीला मऊ अस्तर लावायचं, एवढंच काम उरलं होतं. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. तो हात धुऊन परत येईपर्यंत मुकादमाने मला खोक्यात भरूनसुद्धा टाकलं. असा मी जगात आलो. वरून देखणा, आतून कोरा आणि कडेला धारदार.

मला विकत घेतलं ते स्टुडिओ चालवणाऱ्या एका फोटोवाल्यांनी. त्यांनी मला नुसत्या रिकाम्या कॅमेऱ्याला लावलं, ना भिंग, ना फ्लॅश. आरशासमोर उभे राहिले, छाती पुढे काढली आणि म्हणाले, "वा! आता कसा फोटोवाला दिसतोय!" झाली निवड. एका मिनिटात. त्या एका मिनिटाची पुढे अठरा वर्षं झाली.

कामाला लागल्यावर कॅमेऱ्याला हे एवढं लांब भिंग लागलं, डोक्यावर फ्लॅश बसला. सगळं मिळून जवळजवळ तीन किलो. फोटोवाल्यांची एक सवय होती. दिवसभर कॅमेरा गळ्यातून काढायचाच नाही. "खाली ठेवला की नेमका तेव्हाच फोटो निसटतो," असं ते म्हणायचे. जेवतानासुद्धा कॅमेरा बगलेत सारून जेवायचे. त्यांनी तीन कॅमेरे बदलले, पण मी तोच राहिलो. लोक मला हात लावून बघायचे, "असा पट्टा हल्ली मिळत नाही हो," म्हणायचे, आणि मी फुगायचो. मी कुठे रुततो आहे, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण कौतुक चालू असताना असल्या गोष्टी कोण बोलतं?

समोर बसलेल्या प्रत्येकाला ते सांगायचे, "मान सरळ. हनुवटी किंचित खाली. हं, अस्सं!" सगळ्या गावाच्या माना त्यांनी सरळ केल्या. त्यांची स्वतःची मात्र हळूहळू डावीकडे कलली. फोटो काढून झाला की उजवा हात मानेवर जायचा आणि माझ्याखालचा खळगा चोळायचा. संध्याकाळी बायको गरम पाण्याची पिशवी घेऊन मागे उभी राहायची.

"अहो, तो पट्टा बदला ना."

"सवय झालीय गं त्याची."

"आणि बोटांना मुंग्या येतात त्याचं काय?"

"जरा येतात. जाऊ दे."

एका दुपारी ते घरी आले, जेवले, आडवे झाले आणि उठलेच नाहीत. डॉक्टरांनी हृदयाचं नाव सांगितलं. माझं नाव कुणी घेतलं नाही. तरीपण मित्रांनो, खरं सांगू? तेव्हापासून मला चैन नाही.

मला स्टुडिओतल्या खुंटीला टांगलं. चामडं आडमुठं असतं. अठरा वर्षं जो आकार धरला, तो सोडत नाही. मी हवेतच वाकून राहिलो, मधोमध एका मानेएवढी जागा ठेवून. आत मान नव्हती, तरी मी ती धरून होतो. दमट दिवशी माझ्यात मुरलेला त्यांचा घाम बाहेर यायचा आणि खोलीभर त्यांचा वास पसरायचा. बायको झाडू घेऊन आत यायची, खुंटीपाशी थबकायची आणि तेवढा कोपरा न झाडताच निघून जायची.

पुढे स्टुडिओ त्यांच्या लेकीने उघडला. ती चांगली बावीस वर्षांची, उंच, दांडगी, पण वडील तिला चिमणी म्हणायचे म्हणून सगळं गाव चिमणीच म्हणायचं. आईने स्वतःच्या हाताने मला तिच्या गळ्यात घातलं.

"बाबांचा हात आहे मानेवर, असं समज," आई म्हणाली.

चिमणीचे डोळे भरून आले. आणि मी? मी त्या नव्या मानेवर माझा ओळखीचा खळगा शोधू लागलो. तो तिथे नव्हता. म्हणून मी तो करायला घेतला.

हे मी ठरवून केलं नाही. शपथ! माझी कड आपोआप तिथेच जाऊन बसायची, तेच हाड, तीच जागा. महिन्याभरात तिची मान डावीकडे कलू लागली. दोन महिन्यांत उजवा हात मागे जाऊ लागला. गिऱ्हाइकांना केस विंचरायला स्टुडिओत आरसा होता. त्यात मी एकदा पाहिलं, तर मला तिच्या खांद्यांवर त्यांचं उभं राहणं दिसलं. माणूस नव्हता, पण त्याचं उभं राहणं होतं! चामड्याला काटा येत नाही. येत असता, तर तेव्हा आला असता.

मग तो दिवस आला. दुपारी एका शाळकरी मुलाचा ओळखपत्राचा फोटो चालला होता. दाराकडे पाठ करून चिमणी वाकली होती, मान कललेली, हात मानेवर. ती म्हणत होती, "मान सरळ ठेव. हनुवटी किंचित खाली." तेवढ्यात डबा घेऊन आई दारात आली.

"अहो, डबा आणलाय," ती म्हणाली.

तो मुलगा मान वळवून वळवून बघू लागला, की इथे हे 'अहो' आहेत तरी कुठे! आईने डबा स्टुलावर ठेवला. मुलगा जाईपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिली, मग पुढे आली.

"बोटं दाखव."

"कसली बोटं?"

"डाव्या हाताची. शेवटची दोन."

चिमणीने हात मागे नेला. "जरा मुंग्या येतात गं. जरा."

"त्यांचंही 'जरा'च होतं." आईने तिची करंगळी चिमटीत जोरात दाबली. चिमणी हूं की चूं करेना. तिला ते कळलंच नव्हतं.

"उद्या सकाळी नवा पट्टा," आई म्हणाली.

"आई, नको ना! तो काढला तर मला फोटो जमायचेच नाहीत. बाबांमुळे जमतंय सगळं."

"फोटो तू काढतेस. मान तेवढी त्यांची घेतलीस. सोड ती आता."

दुसऱ्या दिवशी आम्ही या दुकानात आलो. दुकानदारकाका हसतमुख. त्यांनी पट्ट्यांचा ढीग ओतला आणि एक मऊ पट्टा पुढे केला. "हा घ्या, नुसतं लोणी!"

"भिंग लाव आधी," आई लेकीला म्हणाली. "फ्लॅशही लाव."

"अहो वहिनी, पट्टा बघायला एवढं कशाला?"

"दिवसभर एवढं घेऊनच फिरायचंय तिला. रिकामा कॅमेरा लावून एकदा फसलोय आम्ही."

लोण्यासारखा पट्टा ताणायचा. चिमणी चालली की कॅमेरा पोटावर उड्या मारायचा. "हा पट्टा आहे की पाळणा?" आईने तो बाजूला टाकला. दुसरा खांद्यावरून सारखा घसरे. तिसरा रुंद होता, आत जाड अस्तरही होतं, पण आईने मागून बोट घालून पाहिलं आणि मान हलवली. "सगळा भार परत त्याच हाडावर." ते हाड तिला डोळे मिटूनही सापडलं असतं. अठरा वर्षं शेकलं होतं तिने ते.

चौथा मानेवर नव्हताच. तो एका खांद्यावरून छातीवर तिरका येऊन कमरेशी उतरायचा. पुढे तळहाताएवढी रुंद गादी, आणि कॅमेरा नितंबाला टेकलेला.

"जा, रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन ये," आई म्हणाली.

चिमणी तीनदा गेली, तीनदा आली. काका जांभया देऊ लागले. "वहिनी, लग्नाला मुलगासुद्धा एवढा पारखत नाहीत हो!"

"ते चुकतंच त्यांचं," आई म्हणाली. तिसऱ्यांदा येताना चिमणीने दारातूनच कॅमेरा उचलला आणि आईचा फोटो घेतला. मी गल्ल्यापाशी पडलो होतो. कॅमेऱ्याचा तो 'खटक' आवाज मी पहिल्यांदाच लांबून ऐकला.

"आला का गं नीट?"

"आला!"

"आणि मान?"

चिमणी थांबली. तिने मानेला हात लावून पाहिला. "अगं, मान आहे हेच विसरले होते."

मग आई रडली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. निघताना तिने मला काकांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "हा कुणाच्या गळ्यात घालू नका." काका हो म्हणाले. पण अस्सल चामडं टाकवलं नाही त्यांच्याच्याने. चार दिवसांनी पुसून, तेल लावून त्यांनी मला काचेत टांगलं. मी पुन्हा देखणा दिसतो आहे.

म्हणून मित्रांनो, बाकीच्या वस्तू तुम्हाला म्हणतात की आम्हाला जपा, आमचा वापर करा. मी उलटं मागतो. घरात जो कुणी रोज जड काही वाहतो, त्याला एकदा विचारा, कुठे दुखतंय का. तो 'जरा' म्हणाला, तर तिथे बोट ठेवून बघा. आणि मी कितीही आवडलो तरी मला घेऊ नका. काल एक मुलगी बराच वेळ काचेला नाक लावून उभी होती. छान लांब मान होती तिची. मी सगळा जोर लावून स्वतःला सरळ करायला बघत होतो, पण मला ते येत नाही.